मुख्यतः नावाचं वजन

मुक्ताबाई कंधारे कोणावर अवलंबून होत्या, हा प्रश्न त्या हयात असताना कोणालाही पडला नव्हता. त्या गेल्यावर वर्ष-सव्वा वर्षाने तो भारत सरकारला पडला.

सरकारने तो टपालाने विचारला. पाकीट खाकी होतं, त्याला खिडकी होती आणि खिडकीतून त्यांच्या मुलीचं, शर्मिलाचं, नाव डोकावत होतं. सदाशिव पेठेतल्या त्या इमारतीत आलेलं कुठलंही पाकीट आधी सुरनीसकाकांच्या हाती पडे, कारण पत्रांच्या पेट्या जिन्याखाली आणि सुरनीस तळमजल्यावर. ते बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झालेले आणि सोसायटीचे सचिव. दुसऱ्याचं पाकीट फोडायचं नाही हा त्यांचा नियम होता. ते उजेडाकडे धरायचं नाही, असा नियम मात्र त्यांनी केलेला नव्हता.

"इन्कम टॅक्सचं दिसतंय," पाकीट देताना ते म्हणाले. "घाबरू नकोस. माझ्या मेव्हण्याला अश्शीच नोटीस आली होती."

"मग काय झालं त्यांचं?"

"काही नाही. हल्ली इंदूरला असतो."

शर्मिला घाबरणाऱ्यांपैकी नव्हती. हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तिच्या हाताखाली माणसं होती, आणि तिचं काम अडलं तर अमेरिकेतल्या एका विमा कंपनीचे लोक खुर्चीत अस्वस्थ होत. नोटिशीत पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की तिच्या विवरणपत्राची निवड संगणकाने केली आहे. ज्या जमातीच्या जिवावर आपण पगार घेतो, तिच्यातल्याच एकाने आपलं नाव सांगावं, हे तिला जरा लागलं.

प्रकरण साधं होतं. मुक्ताबाईंची मूत्रपिंडं निकामी झाली होती आणि शेवटचं वर्ष डायलिसिसवर गेलं. खर्च शर्मिलाने केला. अशा आजाराचा खर्च अवलंबून असलेल्या नातेवाइकासाठी केला असेल तर करात सवलत मिळते, असं तिला कंपनीच्या अकाउंट्समधून कळलं आणि एक फॉर्म आला. फॉर्मवर विचारलं होतं, ‘डिपेंडंट?’ त्या दिवसांत ती सगळे फॉर्म डायलिसिस सेंटरबाहेरच्या बाकावर बसूनच भरायची. तिने ‘होय’वर खूण केली, आणि आतून नाव पुकारलं म्हणून उठून गेली.

आता सरकारचं म्हणणं असं, की सदर महिलेचे पती हयात असून त्यांना निवृत्तिवेतन आहे. सबब ही महिला पूर्णतः किंवा मुख्यतः मुलीवर कशी काय अवलंबून होती, ते शाबीत करावं.

सुरनीसांनी दुसऱ्याच दिवशी तोडगा काढला. पुण्यात तोडग्याला एवढाच वेळ लागतो. वेळ लागतो तो तोडगा निस्तरायला. त्यांच्या भाचीचा मुलगा तेजस नुकताच सीए झाला होता आणि टिळक रोडवर एका क्लासच्या डोक्यावर त्याने ऑफिस थाटलं होतं. खालून त्रिकोणमिती ऐकू येत असताना त्याने नोटीस वाचली.

"मॅडम, चिल. टेस्ट एकदम सिंपल आहे. ‘होली ऑर मेनली डिपेंडंट.’ होली जाणार नाही, अंकलना पेन्शन आहे. आपण मेनलीवर खेळू."

"खेळू म्हणजे?"

"अंकलचं एक अ‍ॅफिडेव्हिट टाकू. एक साइन. फिनिश."

त्याने तिथल्या तिथे मसुदा छापून दिला. त्यात असं होतं, की मी नागोराव कंधारे सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की माझी पत्नी कै. मुक्ताबाई ही अखेरच्या वर्षी निर्वाहासाठी माझ्यावर अवलंबून नसून मुख्यतः आमची कन्या शर्मिला हिच्यावर अवलंबून होती. या सहीने वाचणारा कर एवढा होता, की त्यात एक बरा फ्रिजसुद्धा आला नसता. पण सवलत नाकारली गेली तर खोटा दावा केला म्हणून दंडही लागू शकतो, असं तेजस म्हणाला. शर्मिलाला दंडापेक्षा ‘खोटा’ हा शब्द जास्त झोंबला. आईला सांभाळल्याचा खोटा दावा! मग तिनेही ठरवलं, की हे प्रकरण तडीला न्यायचं.

ठरवणं सोपं होतं. कागद घरी नेऊन वडिलांपुढे ठेवणं सोपं नव्हतं. बरेच दिवस तो तिच्या पर्समध्येच फिरला. गॅसच्या पावत्यांत सरकवून सही घ्यावी, असाही विचार तिच्या मनात येऊन गेला; पण नागोराव न वाचता कशावरही सही करत नसत. ते बिस्किटाचा पुडासुद्धा वाचत. ‘निव्वळ वजन’ वाचून झालं की तो स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवत, आणि मगच एक बिस्कीट खात.

त्याला कारण होतं. नागोराव कंधारे हे वजनमापे खात्यातले निवृत्त निरीक्षक. नांदेडकडून नोकरीसाठी पुण्याला आले आणि त्यांची बहुतेक नोकरी मार्केट यार्डात गेली. अडत्यांचे काटे तपासायचे, खऱ्या वजनावर सरकारी शिक्का मारायचा, खोटं सापडलं की जप्त करायचं. ते गाळ्यांच्या रांगेत शिरले की कांद्याचा भाव स्थिर राही, पण कांद्याचं वजन एकदम वाढे. शर्मिलाचं एक चांगलं स्थळसुद्धा यातच गेलं. मुलाच्या वडिलांचा काटा नागोरावांनी पूर्वी कधीतरी जप्त केला होता. दोघांनी एकमेकांना जिन्यातच ओळखलं, आणि पाहुणे अर्ध्या जिन्यातून पोहे न खाता परत गेले. मुक्ताबाईंनी ते पोहे सगळ्या इमारतीत वाटले.

अखेर एका संध्याकाळी शर्मिलाने कागद चहाच्या कपाशेजारी ठेवला. नागोरावांनी चष्मा पुसला. मसुदा वाचला. पुन्हा वाचला.

"‘मुख्यतः’ म्हणजे किती?"

"अर्ध्यापेक्षा जास्त, असं तेजस म्हणतो."

"कायद्यात तसं लिहिलंय?"

"नाही."

"मग हे माप नाही. किलो असतो, लिटर असतो, मीटर असतो. मुख्यतः नावाचं वजन मी उभ्या नोकरीत पाहिलं नाही. कोणाच्या पारड्यात सापडलं असतं तर जप्तच केलं असतं."

"बाबा, नुसती सही तर आहे."

"शिक्का म्हणजेसुद्धा नुसता शिक्काच असतो, शमे." त्यांनी चष्मा काढला. "तुझ्या आईला मी सांभाळलं नाही, असं सरकारला लिहून देऊ?"

शर्मिलाने कप उचलले, विसळले आणि विसळलेलेच पुन्हा विसळले.

सकाळी नागोराव स्वतःच म्हणाले, "तपासणी करू. तुझं पारडं जड निघालं तर करतो सही. खऱ्या मापाला माझी ना नाही."

रविवारी तपासणी झाली. दोन ताटल्या मांडल्या. एक वडिलांची, एक मुलीची. वजनं म्हणून देवघरातल्या पूजेच्या सुपाऱ्या घेतल्या, कारण त्या एकसारख्या होत्या आणि मुक्ताबाईंच्या माघारी त्यांना काही काम उरलं नव्हतं. डायलिसिसच्या म्हणून शर्मिलाच्या ताटलीत मूठभर सुपाऱ्या पडल्या. मार्केट यार्डातून पोत्याने आणलेल्या ज्वारीच्या नागोरावांच्या ताटलीत. औषधं इकडे, रिक्षा तिकडे. दूध कधी इकडे, कधी तिकडे. त्यावर बराच खल होऊन एक सुपारी अडकित्त्याने कातरावी लागली.

मग पाणी आलं. मुक्ताबाईंना दिवसाकाठी मोजकंच पाणी प्यायची परवानगी होती. ते रोज सकाळी नागोराव आपल्या शिक्क्याच्या लिटरच्या मापाने मोजून तांब्यात भरून ठेवत. थेंब इकडचा तिकडे नाही. मुक्ताबाई पलंगावरून बघत असत. "तुमच्या लिटरात पाणी कमी मावतं हो," असं त्या रोज म्हणत, आणि नागोराव रोज माप डोळ्यांसमोर धरून त्यांना कड दाखवत.

शर्मिलाने वडिलांच्या ताटलीत एक सुपारी टाकली. नागोरावांनी ती उचलून परत डब्यात ठेवली.

"पाणी मोजायला खर्च आला नाही," ते म्हणाले.

तेवढ्यात तेजस आला. सोबत सुरनीस आले. त्यांना बोलावलेलं नव्हतं, पण तेजसला जिना दाखवायचा होता. तेजसने ताटल्या पाहिल्या, डोळे मिटले, आणि लॅपटॉप उघडला.

"अंकल, घराच्या सुपाऱ्या कुठेत?"

"कुठल्या घराच्या?"

"या फ्लॅटच्या. तुमच्या नावावर आहे ना? आंटी राहत होत्या म्हणजे तुम्ही रेंट-फ्री अ‍ॅकोमोडेशन प्रोव्हाइड केलं. सदाशिव पेठेचा रेट धरला तर..." त्याने कळा बडवल्या आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, वन प्रॉब्लेम. आंटी अंकलवर डिपेंडंट निघतायत. आणि, टेक्निकली हं, तुम्हीपण."

"मी?" शर्मिला म्हणाली.

"नॉट होली," तेजस घाईने म्हणाला. "मेनली."

हाताखाली माणसं असलेल्या, अमेरिकेला वेळेवर झोपू देणाऱ्या बाईला स्वतःच्याच सीएने वडिलांच्या पदरात टाकणं, हे फी देऊन ऐकून घ्यावं लागतं.

"अभिनंदन, कंधारेसाहेब," सुरनीस म्हणाले. "या वयात एवढी मोठी जबाबदारी."

पण सुरनीस नुसते टोमणे मारून थांबणारे नव्हते. ते मदतही करत, आणि तीच जास्त महागात पडे. सोसायटीचा दाखला जोडला तर केस मजबूत होईल, असं तेजस म्हणाला मात्र, संध्याकाळपर्यंत सचिवांच्या सहीचा दाखला तयार झाला:

‘दाखला देण्यात येतो की कै. सौ. मुक्ताबाई कंधारे या सदर इमारतीत अखेरपर्यंत वास्तव्यास होत्या. त्या कोणावर अवलंबून असल्याचे संस्थेच्या निदर्शनास आलेले नाही. उलटपक्षी, पाण्याची मोटर वेळेवर सुरू व बंद करणेबाबत संस्थाच त्यांच्यावर अवलंबून होती. त्यांच्या पश्चात टाकी वारंवार ओसंडत असते. सभासदांनी नोंद घ्यावी.’

"मामाआजोबा!" तेजस ओरडला. "हे डिपार्टमेंटच्या बाजूचं सर्टिफिकेट आहे!"

"सचिव खोटं लिहीत नाही," सुरनीस शांतपणे म्हणाले. "हवं तर शेवटचं वाक्य काढ. ते सभासदांसाठी आहे."

नागोरावांनी दाखला मागून घेतला. वाचला, घडी घातली, उलगडून पुन्हा वाचला. मग चपला घालून गच्चीवर टाकी बघायला गेले आणि अंधार पडेपर्यंत खाली आले नाहीत.

सहीचं काही झालं नाहीच. सुनावणीची तारीख आली तेव्हा तेजसने दुसरी युक्ती काढली. अ‍ॅफिडेव्हिट राहू दे, अंकलनाच समक्ष नेऊ. जिन्यात त्याने नागोरावांना पढवलं. "ऑफिसर मॅडम विचारतील, पत्नी कोणावर अवलंबून होत्या. तुम्ही एकच शब्द बोलायचा, अंकल. ‘मुलीवर.’ एवढंच. पुढचं मी बघतो." नागोराव हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. त्यांनी इस्त्रीचा सदरा घातला होता.

अधिकारी बाईंचं नाव हिरा लोंढे. पन्नाशीच्या, डोळ्यांत फायलींचा थकवा, पण बोलणं सभ्य. टेबलावरचे कागद पंख्याने उडू नयेत म्हणून त्यांनी त्यांवर लोखंडी अर्धा किलोचं वजन ठेवलं होतं. नागोरावांचा हात आपोआप तिकडे गेला. त्यांनी ते उलटं करून बुडाशी पाहिलं.

"यावर चालू वर्षाचा शिक्का नाही," ते म्हणाले.

"मी त्यावर काही विकत नाही हो," बाई म्हणाल्या. "बसा. आपण पती ना? एकच विचारते. आपल्या पत्नी शेवटच्या वर्षी कोणावर अवलंबून होत्या?"

वर पंखा फिरत होता. तेजसने ओठांनीच ‘मु’ करून दाखवला. शर्मिला वडिलांकडे बघत होती. त्यांच्या हातात अजून ते वजन होतं.

"मुलीवर," नागोराव म्हणाले.

स्पष्ट म्हणाले. फक्त म्हणताना त्यांनी बाईंकडे पाहिलं नाही, शर्मिलाकडेही नाही. वजनाच्या रिकाम्या बुडाकडे पाहिलं. तेजस खुर्चीत मागे टेकला. काम झालं होतं.

"नाही, मॅडम," शर्मिला म्हणाली. "आई बाबांवर अवलंबून होती."

तेजस पुन्हा पुढे आला.

"प्रश्न मला होता," नागोराव म्हणाले.

"पण उत्तर चुकलं."

"चुकलं कसं? डायलिसिसचे पैसे कोणी भरले?"

"आणि घर कोणाचं? ज्वारी कोणाची? रिक्षाने तिला कोण नेत होतं?"

"रिक्षाचं काय घेऊन बसलीस! ती इंजेक्शनं काय भावाने येत होती ते सांग बाईंना."

"मग पाणीही सांगा. रोज पाणी कोण मोजत होतं?"

"पाण्याला खर्च आला नाही, हे आपलं ठरलंय!"

"ते तुमचं ठरलंय!"

लोंढेबाईंनी पेन खाली ठेवलं. "एक मिनिट. मला नीट समजू द्या. करदात्या म्हणतात सवलत देऊ नका, आणि साक्षीदार म्हणतात द्या?"

"मॅडम, माझे क्लायंट जरा इमोशनल—" तेजस म्हणाला.

"खात्याची बाजू इतक्या तळमळीने मांडणारी माणसं मी खात्यातही पाहिली नाहीत," बाई म्हणाल्या. "आपण बाहेर बसा, ठरवा आणि आत या. मी तोवर डबा खाते."

बाहेर व्हरांड्यात बाक होता. तेजस फोनवर कोणाला तरी कळवळून काही सांगत लांब गेला. नागोराव बाकावर ताठ बसले.

"मी तयार झालो होतो," ते म्हणाले. "तुझं नाव खोट्यात जायला नको म्हणून. तुला मध्ये बोलायची काय गरज होती?"

"चुकीचं माप होतं, बाबा."

"किती चुकीचं?"

"ते नाही सांगता येत."

"मग कशावरून म्हणतेस?"

"तुम्ही वजनाकडे बघून बोललात."

नागोरावांनी समोरच्या भिंतीकडे पाहिलं. तिथे ‘थुंकू नये’ असं लिहिलेलं होतं. त्यांनी तेही पुरतं वाचलं असावं.

"तिला पाणी थोडं जास्त दिलं असतं तर चाललं असतं का गं?" ते म्हणाले.

"नाही, बाबा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना. नसतं चाललं."

"हं," नागोराव म्हणाले. "माप बरोबर होतं."

"बरोबरच होतं."

ते उठले, सदरा सारखा केला आणि आत शिरले. डबा संपला होता. शर्मिलाने दावा मागे घेत असल्याचं सांगितलं. कारण विचारलं तेव्हा "फॉर्म भरताना लक्ष नव्हतं" असं म्हणाली, आणि ते अक्षरशः खरं होतं. लोंढेबाईंनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं. दंडाचा विषय काढणार नाही, कर आणि व्याज तेवढं भरा, म्हणाल्या. मग तेजसच्या गठ्ठ्यातून चुकून फायलीत गेलेला सोसायटीचा दाखला वाचून त्यांनी मान वर केली.

"हा परत नेता का? आता याची गरज नाही."

"राहू द्या," नागोराव म्हणाले. "तुमच्या फायलीत असू द्या. खरा आहे तो."

बाईंनी तो फायलीला लावला, आणि वर ते वजन ठेवलं.

कर गेला, व्याज गेलं, आणि तेजसची फी गेली. ती मात्र होली गेली, मेनली नव्हे. तो खालीच निरोप घेऊन स्कूटरवरून निघून गेला. सुरनीसांना काय सांगायचं हा त्याचा प्रश्न होता, आणि ते त्याला इंदूरचा पत्ता देतील अशी शक्यता होती.

कचेरीसमोरचा रस्ता ओलांडून पलीकडे जायचं होतं. दुपारची रहदारी. नागोरावांनी शर्मिलाचं मनगट धरलं आणि दुसरा हात वर केला. मार्केट यार्डाच्या फाटकात ते ट्रक असेच थांबवत. त्याच वेळी शर्मिलाने त्यांचं कोपर धरलं आणि आपलाही हात वर केला. ते एक पाऊल पुढे आले, तर तिने त्यांना मागे ओढलं. ती पुढे निघाली, तर त्यांनी तिला मागे ओढलं. असं करत करत दोघं रस्त्याच्या बरोबर मध्ये येऊन उभी राहिली, आणि दोन्हीकडची रहदारी तुंबली.

एका स्कूटरवालीने करकचून ब्रेक दाबला. चेहरा ओढणीने गच्च बांधलेला, फक्त डोळे दिसत होते. तेवढे पुरेसे होते.

"अहो आजोबा! कोण कुणाला नेतंय, ते आधी ठरवा ना!"

"मी हिला," नागोराव म्हणाले.

"मी यांना," शर्मिला त्याच दमात म्हणाली.

"मग न्या की कुणीतरी!"